स्टीलला सोन्याचं कोंदण : अनीश कपूर यांच्या बुल्गारी अंगठीचा कस

बुल्गारी या इटालियन दागिन्यांच्या कंपनीच्या बी-झीरो-वन मालिकेत शिल्पकार अनीश कपूर यांनी घडवलेली अंगठी समोर ठेवली की आधी लक्षात येते ती जागांची अदलाबदल. सोनं कडेला सरकलंय आणि मधली मानाची जागा स्टीलनं घेतलीय. दोन अंगांना १८ कॅरेट गुलाबी सोन्याची दोन कडी, कड्यांच्या बाहेरच्या सपाट अंगावर रोमन अक्षरांत कंपनीचं नाव गोल फिरवून कोरलेलं, आणि दोन्हींच्या मध्ये आत दबलेली, आरशासारखी घासलेली स्टीलची पट्टी. खडा नाही, मीना नाही, नक्षी नाही. आपल्याकडे कोंदण सोन्याचं आणि त्यात माणिक नाहीतर हिरा. इथे कोंदण सोन्याचंच आहे, पण त्यात बसवलंय डब्या-पातेल्यांच्या जातीचं स्टील. मधला भागही सोन्याचा असलेली आवृत्ती निघाली होती. ती देखणी आहे, पण तिच्यात सांगण्यासारखं काही उरत नाही. इथे बोलायचंय ते स्टीलवालीबद्दल.

बी-झीरो-वन १९९९ची. तिची कल्पना रोमच्या कलोसियमवरून घेतली असं कंपनी सांगते. मूळ अंगठीत दोन सपाट कड्यांच्या मध्ये वळ्यांची गुंडाळी असते. या मालिकेला दहा वर्षं झाली म्हणून २०१० साली ती कपूर यांच्या हाती सोपवली. त्यांनी कडी तशीच ठेवली, गुंडाळी काढून टाकली आणि तिथे एक खोलगट, गुळगुळीत उतार बसवला. बदल एवढाच. कपूर जन्मानं मुंबईचे, १९५४चे. कारकीर्द सगळी लंडनची. अंगठी आली त्याच वर्षाच्या अखेरीस वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत त्यांचं प्रदर्शन भरलं. कोपऱ्यावर लाल मेणाचे गोळे झाडणारी तोफ तिथे होती आणि तिचीच चर्चा जास्त झाली, साहजिकच. अंगठीचं नातं मात्र तोफेशी नाही, त्यांच्या स्टीलच्या आरशांशी आहे.

आता ही पट्टी जरा जवळून बघा. बोटाभोवती ती बाहेर फुगलेली आहे, कारण अंगठी गोल. बोटाच्या लांबीच्या दिशेनं मात्र ती आत गेलेली, पन्हळीसारखी. म्हणजे एका दिशेनं बहिर्वक्र, दुसऱ्या दिशेनं अंतर्वक्र. घोड्याच्या खोगिराचा आकार. पन्हळीच्या वक्रतेची त्रिज्या जेमतेम काही मिलिमीटर आणि आरशाचं नाभीय अंतर (किरण जिथे एकत्र येतात त्या नाभीपर्यंतचं) त्याच्या निम्मं. त्यामुळे समोरची जवळजवळ प्रत्येक वस्तू नाभीच्या पलीकडेच असते आणि त्या दिशेनं उलटी दिसते. बोट उभं धरा : चेहरा इवलासा आणि डोकं खाली. बोट आडवं करा : डोकं वर, पण डाव्याचं उजवं झालेलं. नेहमीच्या आरशात एकदा अदलाबदल होते, इथे ती पुन्हा होते, म्हणून लोक तुम्हाला बघतात तसे तुम्ही दिसता. आणि हळूहळू फिरवलंत तर अंगठी पाव वळण घेते तेवढ्यात चेहरा अर्धं वळण घेतो. दुकानात हे करून बघायला अर्धा मिनिट पुरतो, विक्रेता बहुधा सांगत नाही. आमच्या मते या अंगठीची खरी कारागिरी इथे आहे. ही गंमत दिसली नाही तर उरते ती दोन रंगांची रुंद पट्टी, आणि तशा पट्ट्या बाजारात पोत्यानं मिळतात.

हाच खेळ कपूर यांनी शिकागोत फार मोठ्या मापात मांडलाय. मिलेनियम पार्कमधलं ‘क्लाउड गेट’, ज्याला सगळं जग ‘बीन’ म्हणतं, आणि अमेरिकेला गेलेल्या मराठी माणसाच्या फोनमध्ये ज्याच्यासमोरचा एक तरी फोटो सापडतो. सुमारे २० मीटर लांब, १३ मीटर रुंद, १० मीटर उंच, वजन १०० टनांच्या घरात. बाहेरून फुगीर, म्हणून शहर आणि आभाळ सुलटं पण आक्रसलेलं दिसतं. पोटाखालच्या कमानीत शिरलं की वरचा खळगा अंतर्वक्र, आणि तिथे एका माणसाची दहा माणसं होतात. अंगठीत हे दोन्ही वक्र एकाच पृष्ठभागात विणलेत. त्या अर्थानं आरशाचं गणित बीनपेक्षा अंगठीतच जास्त दाट आहे. हे विधान धाडसी वाटेल, पण एक अंगठी आणि एक टॉर्च घेऊन पडताळता येतं.

बीनची बांधणी समजली की अंगठीत काय बघायचं ते आपोआप कळतं. बीनला १६८ पत्रे लागले, प्रत्येक १० मिलिमीटर जाड, साधारण ४५० ते ९०० किलोचा. स्टील ३१६एल : १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल, २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम आणि कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. चांगल्या घड्याळांत आणि दागिन्यांत सहसा हीच जात वापरतात. घरातल्या चांगल्या भांड्यांचं ३०४ हे तिचं भावंड, त्यात मॉलिब्डेनम नसतं. स्वस्त भांड्यांचं २०२ लांबच्या नात्यातलं. त्यात निकेल वाचवून मँगनीज घातलेलं असतं आणि मिठाच्या पाण्यात त्याच्यावर लवकर ठिपके पडतात. लोहचुंबक लावून यांतला फरक कळत नाही. तिन्ही साधारणपणे चुंबकाला चिकटत नाहीत, हे भांड्यांच्या दुकानात जाताना लक्षात ठेवलेलं बरं.

पत्र्यांमधले जोड मिळून ७४० मीटरच्या आसपास वेल्डिंग होतं. ते दिसू नये म्हणून पाच टप्प्यांत घासकाम झालं. आधी ४० ग्रिटनं (ग्रिट म्हणजे घासपट्टीचा नंबर, आकडा लहान तेवढी ती खरखरीत) वेल्डचा उंचवटा उतरवला. मग ८०, १००, १२०च्या पट्ट्यांनी आकार जुळवला. पुन्हा त्याच ग्रिटनी, पण अरुंद पट्ट्यांनी आणि शेवटी २४०नं, वक्र सारखे केले. त्यानंतर ४००, ६००, ८००. सगळ्यात शेवटी १० इंची बफ, म्हणजे पॉलिशचं मऊ चाक, आणि रूज, म्हणजे चमक आणणारी भुकटी. मे २००४च्या सुमारास पत्रे चढत होते, जुलैत बाग उघडली तेव्हा काम अर्धवट होतं, आणि रीतसर लोकार्पण झालं ते मे २००६मध्ये. खर्च ६० लाख डॉलरच्या अंदाजावरून २ कोटी ३० लाखांवर गेला. सगळा पैसा खासगी देणग्यांचा. खर्च फुगण्यात आतल्या सांगाड्याचा वाटा होताच, कारण २० मीटर स्टील ६० अंशांच्या फरकात जवळजवळ २ सेंटिमीटर लांबतं आणि शिकागोचा जानेवारी व जुलै यांत एवढा फरक सहज पडतो. कवच सांगाड्याला घट्ट बांधलं असतं तर जोड फाटले असते. म्हणून ते लवचीक जोडण्यांवर टेकवलंय.

अंगठीत ही अडचण नाही. एक तर ती लहान, आणि दुसरं म्हणजे स्टील व सोनं तापल्यावर जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. अडचण वेगळीच आहे. स्टील आणि सोनं डाकानं जोडणं सोनाराला नको असतं. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. गंजापासून वाचवणारा तोच थर डाक धरू देत नाही. टाकणखार त्याच्यावर पुरेसा चालत नाही, जास्त तापवलं तर स्टीलवर आधी पिवळट आणि मग निळा पट्टा चढतो आणि तो काढायला पुन्हा घासकाम. म्हणून दोन धातूंच्या अंगठ्या सहसा दाबून बसवतात, आट्यांवर फिरवतात किंवा लेसरनं टाचतात. याचा तुमच्या-आमच्यासाठी अर्थ एकच : ही अंगठी लहान-मोठी होत नाही. नेहमीच्या सोनाराकडे नेऊन ‘जरा एक नंबर वाढवून द्या’ म्हणायची सोय नाही. कापली की पन्हळीचा आरसा तुटला, आणि कड्यांवरची अक्षरंही.

म्हणून मापाबद्दल जरा सविस्तर. या कंपनीचे नंबर म्हणजे अंगठीचा आतला घेर मिलिमीटरमध्ये. आपला भारतीय नंबर अधिक ४० केलं की साधारण तोच आकडा येतो. आपला १२ म्हणजे ५२, आतला व्यास १६.५ मिलिमीटर. १४ म्हणजे ५४, व्यास १७.२. पण हे गणित अरुंद वेढण्याचं आहे. रुंद पट्टी बोटाच्या जास्त मांसावर बसते आणि तिच्याखाली घाम कोंडतो, त्यामुळे अर्धा ते एक नंबर जास्त लागतो. कागदाची पट्टी अंगठीएवढीच रुंद कापा; दोऱ्यानं मापलेलं इथे उपयोगाचं नाही. माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोट बारीक असतं. दोन-तीन दिवस घेऊन मोठा आकडा धरा. सांधा जाड असेल तर सांध्याचं आणि मुळाचं अशी दोन मापं घेऊन मधलं निवडा. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी पुण्याच्या डिसेंबरात घेतलेल्या मापावर विसंबू नये. परदेशातून कुणाकरवी मागवणार असाल तर आधी इथे त्याच रुंदीच्या कुठल्याही अंगठीचा नंबर घालून बघा आणि मगच सांगा.

वापरात ही अंगठी कशी टिकते? अपेक्षेपेक्षा बरी, आणि त्याचं श्रेय आकाराला. आरसा आत दबलेला असल्यामुळे टेबलाची कड, लोकलचा दांडा, ओट्याचा दगड हे सगळं आधी सोन्याच्या कड्यांना लागतं. मोठे ओरखडे तिथेच थांबतात. सपाट किंवा फुगीर आरसा असता तर सहा महिन्यांत मेणचट झाला असता. पण पन्हळ म्हटली की तिच्यात काहीतरी साचणार. कणीक मळताना पीठ, साबणाचा थर, हँडक्रीम, आणि सगळ्यात वाईट म्हणजे धूळ. धुळीत गारगोटीचे कण असतात. त्यांचा कठीणपणा मोह्सच्या मापावर ७, स्टीलचा साधारण साडेपाच ते सहा. म्हणजे धूळ साचलेली पन्हळ साडीच्या पदरानं किंवा शर्टाच्या टोकानं पुसणं हे बारीक एमरी फिरवण्यासारखंच. रांगोळी काढताना अंगठी काढूनच ठेवावी. शेजारच्या बोटात हिऱ्याची अंगठी नको, आणि त्याच बोटात दुसरी अंगठी तर अजिबात नको. कंपनीचं नाव कड्याच्या बाजूच्या अंगावर आहे, आणि शेजारची अंगठी नेमकी तिथेच घासते. वर्षभरात अक्षरांच्या कडा बोथट होतात.

स्वच्छ करायची रीत साधी आहे. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे तीन-चार थेंब, त्यात पाच-दहा मिनिटं भिजत. मग आधी वाहत्या पाण्याखाली धरा, म्हणजे खर सुटून जाईल. हा टप्पा गाळला तर पुढचं सगळं उलटं पडतं. लहान मुलाचा मऊ ब्रश फक्त कड्यांवर आणि अक्षरांत चालवा. पन्हळीत ब्रश नको, ओलं बोट पुरे. पुसताना मायक्रोफायबर कापड पन्हळीच्या दिशेनं गोल फिरवा. आडवं पुसलंत आणि चरा पडला तर तो चरा प्रत्येक प्रतिबिंबाला छेदून जातो. बोअरचं जड पाणी असेल तर लगेच कोरडं करा, नाहीतर पांढरे ठिपके बसतात. टूथपेस्ट, राख, चिंच, पितांबरी, तारेची घासणी, यांतलं काहीही नको. तांब्या-पितळेवर जे छान चालतं ते आरशावर चालत नाही. ब्लीच तर दोन्ही धातूंचा शत्रू : क्लोराइड स्टीलच्या थराला भोकं पाडतं, आणि गुलाबी सोन्यातलं तांबं काळवंडतं. पोहण्याच्या तलावात आणि समुद्रात उतरताना अंगठी घरी ठेवा. सोनं आणि स्टील जिथे भेटतात त्या फटीत खारं पाणी अडकलं तर गंजाची सुरुवात तिथूनच होते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

बीनचंही असंच. जमिनीपासून सहा फुटांपर्यंतचा भाग रोज दोन वेळा हातानं पुसतात, आणि वर्षातून दोनदा सगळा बीन ४० गॅलन, म्हणजे दीडशे लिटर द्रव साबणानं धुतात. तिथे हे काम करायला पगारी माणसं आहेत. अंगठीसाठी ते काम तुमचं. ज्यांना दागिना एकदा घातला की विसरायचा असतो (मंगळसूत्र, गोठ, रोजच्या पाटल्या असे विसरता येण्यासारखेच दागिने असतात आणि तोच त्यांचा गुण) त्यांच्यासाठी ही अंगठी नाही. आठवडाभर न पुसलेली असेल तर तिच्यात चेहरा दिसत नाही, धुकं दिसतं.

पॉलिश करायची वेळ आलीच तर कुणाच्या हातात देताय ते बघा. सराफी पेढीतला पॉलिशवाला सवयीनं अख्खी अंगठी एकाच बफावर धरतो. मग होतं असं : सोनं मऊ, ते आधी झिजतं, कड्याची धारदार कड गोल होते, अक्षरं उथळ होतात. बफाचा माल स्टील-सोन्याच्या सांध्यात भरतो आणि तिथे काळी रेघ उमटते. पन्हळीच्या तळाला मोठा बफ पोचतच नाही, तो फक्त काठ घासतो. परिणामी वक्र बदलतो आणि प्रतिबिंब मध्येच मोडतं. बरोबर रीत अशी की कडी चिकटपट्टीनं झाकायची, पन्हळीत मावेल एवढा नमद्याचा छोटा बोळा घ्यायचा, स्टीलसाठी हिरवं क्रोमियम ऑक्साइडचं कंपाउंड वापरायचं, पृष्ठभाग तापू द्यायचा नाही. मग पट्टी काढून सोन्यासाठी वेगळा बफ आणि वेगळा रूज. चरा नखाला लागत नसेल तर तो तसाच राहू द्यावा. प्रत्येक पॉलिश म्हणजे थोडा धातू कमी होणं.

आरसा बिघडलाय का हे ओळखायची सोपी युक्ती आहे, आणि जुनी अंगठी घेताना हीच पहिली चाचणी. वहीचा रेघांचा कागद उजेडात धरा आणि पन्हळीत त्या रेघांचं प्रतिबिंब बघत अंगठी हळू फिरवा. रेघा वाकतील, दाटतील, पण वाहत्या राहायला हव्यात. कुठे एखादी रेघ दचकली, तिला गाठ पडली, तर तिथे कुणीतरी जास्त घासलंय. दुसरी चाचणी कापसाची : सैल कापूस सोनं आणि स्टीलच्या सांध्यावरून फिरवा. तंतू अडकले तर फट किंवा कोर आहे. १० पट भिंगाखाली अक्षरांचे कोपरे बघा, तीक्ष्ण हवेत. आत ७५० हा शिक्का हवा, म्हणजे हजारात ७५० भाग सोनं, १८ कॅरेट. निमुळत्या मापाच्या सळईवर घालून उजेड बघा : कुठूनही चंद्रकोरीसारखी फट दिसली तर अंगठी दबून लांबुळकी झालीय, आणि ती ठोकून गोल करायला गेलात तर सांधा सुटू शकतो. आतल्या बाजूनं कातडीला कुठला धातू लागतो तेही पाहून घ्या. ज्यांना कृत्रिम दागिन्यांनी पुरळ येतं त्यांना बहुतेक वेळा निकेल सोसत नाही. ३१६एलमध्ये निकेल भरपूर असलं तरी ते बांधून राहतं, बाहेर फार थोडं सुटतं. युरोपात कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूंसाठी मर्यादा आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. पण ज्याचं अंग फारच हळवं आहे त्यानं एक दिवस घालून बघितल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

पैशांचं बोलायचं तर मोडीचा विचार मनात असेल तर घेऊच नका. सराफ मोड घेताना सोन्याचं वजन आणि कस बघतो. कॅरेटोमीटरखाली मधली पट्टी धरली तर यंत्र लोखंड आणि क्रोमियम दाखवणार, कडी धरली तर ७५० दाखवणार. पण कडी किती वजनाची हे अंगठी तोडल्याशिवाय कळत नाही. मग तो अंदाजानं, आणि अर्थातच स्वतःच्या बाजूनं, वजन धरतो. घडणावळ, नाव, कलावंत यांची किंमत तिथे शून्य. घट वेगळी. या अंगठीला तिची किंमत ओळखणारं गिऱ्हाईक जुन्या नामांकित दागिन्यांच्या बाजारातच भेटतं आणि तिथेही डबी, कागद आणि न झिजलेली अक्षरं असतील तर. सोनं म्हणजे अडीअडचणीची पुंजी, हा आपला हिशेब इथे लागू पडत नाही. पैसे जातात ते उताराच्या आकारासाठी.

आणि तरीही, धातूच्या अर्थाचा खेळ आपल्या डोळ्यांना जेवढा कळेल तेवढा रोमच्या दुकानात कळत नसेल. आपल्या घरात स्टील म्हणजे आहेराची भांडी आणि हळदीकुंकवाचं वाण, आणि भांड्यावर नाव हवंच. कड्यावर गोल फिरवलेलं कंपनीचं नाव बघितलं की टिंबाटिंबांनी कोरलेलं ‘सौ. कडून भेट’ आठवल्याशिवाय राहत नाही. फरक इतकाच की इथे नाव सोन्यावर आहे आणि स्टील कोरं सोडलंय. बीनवर मात्र फेब्रुवारी २००९मध्ये कुणीतरी इंचभर उंचीच्या अक्षरांत दोन नावं ओरखडलीच. मूळ घासकाम करणाऱ्या कंपनीलाच पुन्हा बोलावून ती काढावी लागली. कोरं स्टील दिसलं की माणसाचा हात शिवशिवतो, मग तो शिकागोतला असो की सांगलीतला.

सोन्याची प्रतिष्ठा उलटवायची ही पहिली खटपट नव्हे. स्विस दागिनेकार ओटो क्युन्झ्ली यांनी १९८० साली काळ्या रबरी नळीचं कडं केलं आणि त्यात सोन्याची गोळी कोंबली. बाहेरून फक्त एक फुगवटा दिसतो. नाव दिलं ‘सोनं आंधळं करतं’. रबर चिरलं तरच सोनं दिसणार, म्हणजे खात्री करायची तर दागिना मारायचा. कपूर यांची अंगठी त्यामानानं मवाळ. तिच्यात सोनं दिसतं, चमकतं, आपलं नावही सांगतं. क्युन्झ्ली घालणाऱ्याला पेचात टाकतात, कपूर त्याला खूश ठेवतात. शेवटी ही एका बड्या पेढीची विक्रीची वस्तू आहे, आणि तेवढी तडजोड तिच्यात दिसते. लंडनच्या लुइसा गिनेस गॅलरीसाठी कपूर यांनी सोनं आणि मीना वापरून जे दागिने केले ते या तडजोडीतून जास्त सुटलेले आहेत. पण मीना म्हणजे शेवटी काच. फरशीवर पडली की टवका उडालाच, आणि तो कुठलाही बफ भरून काढत नाही.

जास्त टोकदार तुलना अमेरिकी शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांच्याशी होते. त्यांनीही दोन्ही मापांत काम केलं : जवळजवळ १८०० दागिने, आणि शहरांच्या चौकांत उभी राहिलेली प्रचंड शिल्पं. १९५५मध्ये ते अहमदाबादला साराभाईंकडे राहून काही शिल्पं करून गेले. त्यांचे दागिने पितळ-चांदीची तार ठोकून, वळवून, गुंडाळून, रिव्हेट मारून केलेले. डाक जवळजवळ नाहीच. जिथे तार तारेला भेटते तिथे ती गाठ उघडी दिसते. शिकागोतच, बीनपासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, त्यांचा ५३ फुटी लाल ‘फ्लेमिंगो’ १९७४पासून उभा आहे. पत्र्यांच्या फासळ्या आणि जोड सगळे समोर. रंग उडाला की पुन्हा रंगवायचा, बोल्ट सैल झाला की कसायचा. काल्डर यांची अंगठी वाकली तर घरच्या पकडीनं सरळ होते. कपूर यांचं सगळं कसब जोड लपवण्यात आहे, म्हणून त्यांची वस्तू बिघडली की दुरुस्तीला मूळ कारखानाच लागतो. रोज घालायच्या दागिन्याला काल्डर यांची रीत जास्त मानवते, असं आमचं मत.

लेथवर अशी पट्टी करता येईल का, असा प्रश्न कारागीर मंडळी विचारतात. स्टीलचा भाग करता येतो. ३१६एलची सळई घेऊन आधी आतलं भोक, मग गोल नाकाच्या टूलनं पन्हळ. टूल धारदार हवं आणि फीड न थांबता हवी. बोथट टूल नुसतं घासत राहिलं तर हे स्टील त्या जागी कडक होतं आणि पुढचा काप उड्या मारतो. मग २४०, ४००, ६००, ८००, १२०० असा एमरी पेपर, प्रत्येक टप्प्यात आधीच्या टप्प्याचे सगळे चरे जाईपर्यंत. घाई केली की शेवटच्या चमकेत ४००चे चरे वर येतात आणि परत मागे जावं लागतं. तेवढं जमलं की खोगिराचा आरसा तयार. सोन्याची कडी बसवणं हे मात्र वेगळ्या जातीचं काम : शंभरावा भाग मिलिमीटरचं माप चुकलं तर कडं एक तर बसत नाही, नाहीतर फिरत राहतं.

शेवटची सूचना, अंगठी घ्या किंवा घेऊ नका. रुंद स्टीलची कुठलीही अंगठी बोटात अडकून बोट सुजलं तर दवाखान्यातला नेहमीचा हातानं फिरवायचा कटर सोनं झटकन कापतो, पण स्टीलवर वेळ लागतो आणि पातं तापतं. म्हणून आधी हात पाच मिनिटं डोक्याच्या वर धरा, गार पाण्यात बुडवा, साबण लावा. तरी निघाली नाही तर जाड रेशमी दोऱ्याचं टोक अंगठीखालून तळव्याच्या बाजूला ओढून घ्या, उरलेला दोरा अंगठीपासून नखाकडे बोटावर चिकटून-चिकटून गुंडाळा, आणि खालचं टोक धरून उलगडत या. अंगठी दोऱ्याच्या वेटोळ्यांवरून सरकत सांध्यापलीकडे जाते. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं असेल तर हे प्रयोग न करता थेट दवाखाना गाठा आणि अंगठीत स्टील आहे हे पोचल्या पोचल्या सांगा, म्हणजे ते पहिल्यापासून योग्य पातं लावतील.